टेकडीला पाणी घालण्याआधी मीठ मोजा

वेताळ टेकडी, तळजाई-पाचगाव, बाणेर-पाषाण, वारजे, महंमदवाडी, पुण्यातल्या अशा कुठल्याही टेकडीवर झाडं लावणाऱ्या आणि जगवणाऱ्या सगळ्यांना एक विनंती आहे. वर्षातून दोनदा, एकदा मेअखेरीस आणि एकदा दिवाळी झाल्यावर, झाडांखालच्या मातीतलं मीठ मोजा. जे पाणी घालता, तेही मोजा. खर्च थोडा आहे आणि काम एका रविवारचं आहे.

आपण झाडं मोजतो. किती लावली, किती जगली, हे फलकावर लिहितो, वर्धापनदिनाला सांगतो. तेवढ्यावर थांबू नका, असं मला कळकळीनं सांगायचं आहे. माती बिघडायला लागते तेव्हा झाड बरीच वर्षं उभं असतं. पानांच्या कडा करपतात, शेंडा वाळतो, वाढ थांबते, आणि आपण म्हणतो की उन्हाळा कडक होता, पाणी कमी पडलं. मग पाणी वाढवतो. कित्येकदा दुखणं त्या पाण्यातच असतं.

मीठ म्हणजे इथे फक्त स्वयंपाकातलं मीठ नव्हे. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे पाण्यात विरघळणारे सगळे क्षार त्यात आले. ते आपल्या खडकातच आहेत. पुण्याच्या टेकड्या दख्खनच्या लाव्हाच्या, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या. हा काळा पाषाण झिजतो तसे क्षार सुटत राहतात आणि पाऊस ते धुऊन नेतो. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. टेकडीवर माती जेमतेम वीतभर, तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली भेगाळलेला खडक. पाणी आत शिरतं, क्षार घेतं, खाली उतरतं आणि ओढ्याला लागतं. म्हणून आपल्या टेकडीची अंगची माती जवळपास अळणी असते. सालई, धावडा, मेढशिंगी, गणेर, पळस आणि त्यांच्यामधलं कुसळी-मारवेलचं गवत या अशाच मातीत वाढलेलं आहे. टेकडीच्या पायथ्याशी, जिथे काळी माती खोल होते आणि निचरा मंदावतो, तिथे क्षार साठायला लागतात. पूर्वेकडे दौंड, बारामती, इंदापूरकडे जावं तसा पाऊस घटतो आणि धुऊन काढणारं पाणीही घटतं.

या घटत्या पावसाच्या पट्ट्यात काय झालं, ते पुण्याच्याच माणसांनी शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. दुष्काळी मुलुखाला पाणी मिळालं, ऊस उभा राहिला, माणसं सुखावली. पाव शतक उलटायच्या आत त्या खोऱ्यातल्या चांगल्या काळ्या जमिनी पांढऱ्या पडू लागल्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे तेव्हाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी या जमिनींचा अभ्यास केला आणि १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवरची पुस्तिका मुंबई इलाख्याच्या कृषी खात्याकडून निघाली. त्यानंतर १९१६ मध्ये पुण्यात सिंचनाच्या पद्धती सुधारण्यासाठी खास विभाग निघाला. खडकवासल्याची आजची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था ती हीच.

नीरेच्या काठी मीठ कुणी बाहेरून आणून टाकलं नव्हतं. बरंचसं जमिनीच्या पोटातच होतं. कालव्याची गळती आणि उसाला दिलेलं जादा पाणी खाली साचलं, भूजलाची पातळी वर आली, आणि उन्हानं ते पाणी वर ओढून घेतलं. पाणी उडून गेलं, मीठ वर राहिलं. पाणी येतं, पण जायला वाट नाही, एवढंच कारण. मिरज, वाळवा, शिरोळच्या क्षारपड शिवारांची गोष्टही याच जातीची आहे.

झाडांचा याच्याशी काय संबंध, ते दूरच्या एका देशात फार स्पष्ट दिसलं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या गहू पिकवणाऱ्या पट्ट्यात कोरड्या हवामानातली निलगिरीच्या जातीची रानं होती. ती तोडून गहू पेरला. रेल्वेत काम करणाऱ्या डब्ल्यू. ई. वुड नावाच्या अभियंत्याला इंजिनाच्या बॉयलरसाठी गोडं पाणी हवं असे, आणि रान तुटलं की त्या भागातले ओढे खारट होतात, हे त्याच्या ध्यानात आलं. १९२४ मध्ये त्यानं हे निरीक्षण छापलं. खोल मुळांची झाडं पावसाचं पाणी वरच्यावर पिऊन टाकत होती, म्हणून जमिनीच्या पोटातलं जुनं मीठ खालीच पडून होतं. झाडं गेली, पाणी खाली मुरत राहिलं, पातळी चढली आणि मीठ वर आलं. तिथली सुमारे दहा लाख हेक्टर जमीन आज क्षारानं बाधलेली आहे. कोरड्या मुलुखात मातीतल्या मिठाचा आकडा हा रानाच्या तब्येतीचा आकडा मानतात, तो अशा अनुभवातून.

आपल्या टेकड्यांवर ऑस्ट्रेलियासारखं होईल, असं मी म्हणत नाही. आपला पाऊस वेगळा, उतार वेगळा, खडक वेगळा. टेकडीवर भूजल चढून यायचं नाही. आपल्याकडे मीठ चढतं ते कॅनमधून, टँकरमधून, पाइपमधून.

हिशेब करून पाहा. पाण्यातले क्षार विद्युत वाहकतेवरून, म्हणजे ईसीवरून मोजतात आणि तिचं एकक डेसीसायमन प्रति मीटर. ईसी १ असली तर एका लिटरमध्ये साधारण ०.६४ ग्रॅम क्षार असतात. समजा तुमच्या बोअरच्या पाण्याची ईसी १.५ आहे. एका रोपाला आठवड्याला १० लिटर पाणी, नोव्हेंबर ते जूनमधले ३० आठवडे. एका आळ्यात वर्षाला ३०० लिटर पाणी गेलं आणि त्याबरोबर जवळपास २९० ग्रॅम क्षार. पाणी रोपानं प्यायलं, काही उडालं, क्षार आळ्यात राहिले. तेच पाणी ०.२ ईसीचं असतं तर ४० ग्रॅमच्या आत काम झालं असतं. दोन्ही पाणी दिसायला सारखंच, डोळ्यांना फरक कळत नाही.

एका आळ्यात पाव किलोहून जास्त मीठ म्हणजे रोपासाठी काय, ते कैरीला मीठ लावून ठेवणाऱ्या कुणालाही सांगावं लागणार नाही. मीठ पाणी ओढून घेतं. खारट मातीत मुळांभोवती ओल असते, पण ती मुळांना घेता येत नाही. माती हाताला ओली लागते आणि झाड तहानेलं असतं. अशा वेळी आणखी खारं पाणी घालणं म्हणजे दुखणं वाढवणं.

म्हणून पहिलं काम पाण्याचं. आरओवाल्या माणसाच्या खिशात असते तसली पेन मिळते. टीडीएस दाखवणारी घेण्याऐवजी ईसी दाखवणारी घ्या, कारण टीडीएसचा गुणक प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो आणि दोन पेनांचे आकडे जुळत नाहीत. पेनवर आकडा मायक्रोसायमनमध्ये येतो. १००० मायक्रोसायमन प्रति सेंटिमीटर म्हणजे १ डेसीसायमन प्रति मीटर. पेन खरं सांगते का, हे १४१३ च्या प्रमाणित द्रावणात बुडवून अधूनमधून तपासावं. ०.७ च्या आतलं पाणी निर्धास्त घाला. त्यावर गेलं तर जपून. ३ च्या वरचं पाणी टेकडीवर नेऊच नका, ते कितीही फुकट आणि कितीही सहज मिळत असलं तरी. टँकर येत असेल तर भरला कुठे ते विचारा आणि प्रत्येक फेरीला पेन बुडवा. टँकरची विहीर आठवड्याला बदलते. घरच्या आरओचं टाकाऊ पाणी कॅनमधून वर नेणारी पुष्कळ मंडळी आहेत आणि त्यांचा हेतू चांगला आहे. खडकवासल्याच्या पाण्यावरच्या आरओचं ते असेल तर बहुधा चालेल. बोअरच्या पाण्यावरचं असेल तर मोजल्याशिवाय नेऊ नका.

आता एक धोक्याची गोष्ट, आणि ती पेनला कळत नाही. बऱ्याच सोसायट्यांत बोअरचं जड पाणी मऊ करायचं यंत्र बसवलेलं असतं, ज्यात मिठाची पोती ओततात. हे यंत्र पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम काढून घेतं आणि त्याच्या जागी सोडियम सोडतं. क्षारांची बेरीज तेवढीच राहते, म्हणून ईसीचा आकडा जवळपास हलत नाही. पण सोडियम चिकणमातीचे कण सुटे करतो, माती पाण्यात विरघळल्यासारखी होते, वाळल्यावर घट्ट बसते, तिच्यातून ना पाणी जातं ना हवा. शेतकरी हिला चोपण म्हणतात आणि ती सुधारायला खारवट जमिनीहून कितीतरी जास्त कष्ट पडतात. मऊ केलेलं पाणी, किंवा असं पाणी वापरणाऱ्या सोसायटीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी, झाडांना घालायचं ठरवत असाल तर आधी प्रयोगशाळेत त्यातलं सोडियमचं प्रमाण तपासून घ्या. सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरणं ही या शहराची गरज आहे आणि मी त्याच्या बाजूनं आहे. तपासून वापरा, एवढंच म्हणणं आहे.

मातीचं चोपणपण घरी ओळखायची एक साधी चाचणी आहे. बशीत बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी घ्या. त्यात मातीचं हरभऱ्याएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडा आणि हलवू नका. ढेकूळ फुटलं, भुगा झाला, पण पाणी स्वच्छ राहिलं तर चिंता नाही. ढेकळाभोवती दुधासारखं गढूळ वलय पसरलं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत बसलं नाही, तर सोडियम वाढलेला असण्याची दाट शक्यता आहे.

मातीचं मीठ मोजायला नमुना नीट घ्यावा लागतो, सगळी मेख तिथे आहे. जागा चार निवडा आणि त्या बदलू नका: पाणी घालता ती आळी, जुन्या झाडांखालची जमीन, कधीच पाणी न घातलेला गवताळ माळ, आणि उताराच्या पायथ्याची ओढ्यालगतची जागा. वनखात्याची जमीन असेल तर आधी तिथल्या वनरक्षकाला सांगून परवानगी घ्या. वरचा पालापाचोळा हातानं बाजूला करा. इंग्रजी व्हीच्या आकाराचा खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची बोटभर जाडीची माती वरपासून १५ सेंटिमीटरपर्यंत खरवडून घ्या. माती खोल असेल तिथे १५ ते ३० सेंटिमीटरचा नमुना वेगळा घ्या. एका जागेत असे चार-पाच ठिकाणचे नमुने मिसळून अर्धा किलो माती ठेवा. सावलीत वाळवा. खताच्या रिकाम्या गोणीत चुकूनही भरू नका, गोणीतलं खतच मोजलं जाईल. नुकतं शेणखत किंवा राख घातलेल्या आळ्यातली मातीही नको.

घरी मोजायचं तर वाळवून चाळलेली २० ग्रॅम माती, १०० मिलिलिटर बॅटरीचं पाणी, एक झाकणाची बरणी. त्या पाण्याची ईसी आधी मोजा, ती शून्याच्या जवळ हवी. तासभर अधूनमधून बरणी हलवा, गाळ बसू द्या, वरच्या निवळीत पेन बुडवा. मुरमाड मातीत आकडा ०.३ च्या वर गेला किंवा काळ्या मातीत ०.५ च्या वर गेला, तर नमुना प्रयोगशाळेत पाठवा. कृषी विभागाची मृद चाचणी प्रयोगशाळा आहे, बारामती आणि नारायणगावची कृषी विज्ञान केंद्रं आहेत. प्रयोगशाळा माती आणि पाणी यांचं प्रमाण वेगळं घेते, आपल्याकडे सहसा एकास अडीच, म्हणून तिचा आकडा आणि तुमच्या बरणीतला आकडा एकमेकांशेजारी ठेवून तुलना करू नका. प्रयोगशाळेच्या कागदावर १ च्या आत ईसी असली तर ती सर्वसाधारण मानतात. सामू, म्हणजे पीएच, हाही मागून घ्या. सामू ८.५ च्या पुढे असेल तर चोपणाचा संशय पक्का करायला सोडियमची चाचणी लागेल.

एकट्या आकड्याला फार महत्त्व देऊ नका. मेमधला आणि दिवाळीनंतरचा असे दोन आकडे शेजारी ठेवा. उन्हाळ्याच्या शेवटी मीठ वर आलेलं असतं, तेव्हा आकडा सर्वांत मोठा. पावसाळ्यानंतर तो उतरलाच पाहिजे. उतरला याचा अर्थ पाऊस जमिनीत शिरला, मुरला आणि मीठ घेऊन खाली गेला. निरोगी रानाखाली हे दरवर्षी घडतं. पालापाचोळा थेंबांचा मार झेलतो, मुळांनी आणि वाळवी-मुंग्यांनी केलेल्या वाटांनी पाणी आत जातं, सावलीमुळे वरून उडून जाणारं पाणी कमी होतं. उघड्या, तुडवलेल्या, घट्ट झालेल्या जमिनीवरून तोच पाऊस वरच्यावर वाहून जातो. मे आणि नोव्हेंबरमधला फरक वर्षागणिक घटत चालला असेल तर झाडं कितीही हिरवी दिसोत, खाली काहीतरी तुंबलं आहे. आणि पाणी घातलेल्या आळ्याचा आकडा शेजारच्या कोरड्या माळाच्या आकड्यापेक्षा जितका जास्त, तितकं मीठ आपण वर नेलं आहे.

पांढरं दिसलं की मीठच, असंही नाही. आपल्या भागात चुनखडीचे खडे सर्रास सापडतात. लिंबाचा रस टाकल्यावर फसफसलं तर तो बहुधा चुना. राडारोडा टाकलेल्या जागी सिमेंट आणि प्लास्टरमुळे सामू आणि ईसी दोन्ही चढलेले दिसतात. तिथे माती सुधारण्याच्या गोष्टी करण्याआधी राडारोडा उचलायला लावा.

आणि आकडा चांगला आला म्हणजे रान चांगलं, असा उलटा अर्थ काढू नका. आपल्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची जी दाटी झाली आहे, तिच्याखालची मातीही अळणीच निघेल. विलायती बाभूळ तर खारट जमिनीतही फोफावते. आकड्याबरोबर हेही लिहा की गवत कोणतं आहे, सालई-धावड्याची आपोआप उगवलेली रोपं दिसतात का, पावसात डबकं किती वेळ साचून राहतं. मीठ कमी असणं ही गरजेची अट आहे, पण तेवढ्यानं रान होत नाही.

आकडा वाढलेला निघाला तर घाबरू नका आणि लगेच जिप्समची पोतीही आणू नका. जिप्सम चोपण जमिनीला लागतं, तेही प्रयोगशाळेनं सांगितलं तर आणि सांगितलं तेवढंच. नुसत्या खारवट मातीला आणखी क्षार घालून काय होणार? पहिल्यांदा खारं पाणी थांबवा. आळ्यातून निचऱ्याला वाट करा, तळ घट्ट झाला असेल तर तो मुळं सांभाळून मोकळा करा, पालापाचोळ्याचं जाड आच्छादन घाला आणि पावसाळ्याला त्याचं काम करू द्या. टेकडीच्या उतारावर दोन-तीन चांगले पावसाळे पुष्कळ मीठ धुऊन नेतात. पायथ्याच्या काळ्या मातीत मात्र इतकं सोपं नाही. तिथे मीठ साचू न देणं हाच उपाय.

यातूनच पाण्याबद्दलचा माझा आग्रह येतो. तीन उन्हाळे काढलेल्या देशी झाडाचं पाणी हळूहळू बंद करा. जे झाड त्यानंतरही कॅनवाचून तगत नाही, ते त्या जागेचं नाही. सालई, मोई, गणेर उन्हाळ्यात पानं टाकून निष्पर्ण उभी राहतात. ती वाळलेली नाहीत, ती त्यांची रीत आहे. त्यांना हिरवं करण्याच्या भरात एप्रिलमध्ये टँकर बोलावू नका. माळावर गवत असेल तर ते राहू द्या, प्रत्येक मोकळ्या जागेत खड्डा घ्यायची गरज नाही.

प्रत्येक गटानं एक वही करावी. तारीख, जागा, खोली, मातीची ईसी, घातलेल्या पाण्याची ईसी, पाणी कुठलं आणि किती, एवढे रकाने पुरेत. वही गटप्रमुखाच्या घरी न ठेवता सगळ्यांना दिसेल अशी ठेवा, आणि फोनमध्ये तिचे फोटो असू द्या, कारण माणसं बदलतात आणि वह्या हरवतात. शाळा-महाविद्यालयातली मुलं तुमच्याबरोबर येत असतील तर मोजण्याचं काम त्यांना द्या, ती ते आपल्यापेक्षा नेटकं करतात. शेजारच्या टेकडीच्या गटाशी आकडे ताडून पाहा. आणि जो कुणी पुढच्या पावसाळ्यात हजार रोपं लावायची म्हणून तुमच्याकडे येईल, मग ती कंपनी असो, नगरसेवक असो की शाळा, त्याला रोपांची संख्या विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा: उन्हाळ्यात पाणी कुठून आणणार आणि त्याची ईसी किती. उत्तर नसेल तर पेन त्यांच्या हातात द्या, पाण्याच्या टाकीपर्यंत सोबत जा आणि आकडा तिथेच वहीत लिहून घ्या.